वारे गेल्यानंतर

मराठीत या आजाराला पक्षाघात म्हणतात, अर्धांगवायू म्हणतात, हिंदीच्या शेजारामुळे लकवाही म्हणतात. परंतु घरातल्या बोलीत, विशेषतः जुन्या पिढीच्या तोंडी, जो वाक्प्रयोग टिकून आहे तो वेगळाच आहे : 'त्यांच्या अंगावरून वारे गेले.' या वाक्प्रयोगात कर्ता माणूस नाही, वारा आहे. तो येतो, अंगावरून जातो आणि निघून जातो. मागे राहिलेल्या माणसाचे पुढे काय होते, याविषयी तो काहीच सांगत नाही. आम्हाला या लेखात नेमक्या त्या मागे राहिलेल्या काळाविषयी लिहायचे आहे. वारे गेल्यानंतरच्या महिन्यांत आणि वर्षांत माणसाला धीर कोणी दिला, कसा दिला, आणि मुंबईच्या उपनगरांसारख्या ठिकाणी तो धीर संघटित व्हायला इतका उशीर का लागला, हा आमचा प्रश्न आहे.

या शब्दांचे मूळ सर्वांना परिचित आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात वातव्याधींचे विवेचन आहे. त्यात 'पक्षवध' येतो आणि चेहरा वाकडा करणारा 'अर्दित'ही येतो. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू. ती मारली जाते म्हणून पक्षवध. सुश्रुताचा 'पक्षाघात' त्याच अर्थाचा. 'अर्धांगवायू' या शब्दात आणि 'वारे गेले' या वाक्प्रयोगात हाच वात शिल्लक उरला आहे. ग्रीकांचा 'अपोप्लेक्सिया' हा शब्दही जोराच्या तडाख्याचाच अर्थ देतो. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर याने १६५८ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे मेंदूतील रक्तस्रावाशी या तडाख्याचा संबंध जोडला, तेव्हा कारणाचा शोध वाऱ्याकडून रक्ताकडे वळला. मात्र दोन्ही परंपरांतील वैद्यांचे लक्ष त्या क्षणावर खिळलेले होते. तडाखा कसा बसला, हे त्यांनी विचारले. तडाखा बसलेला माणूस पुढच्या वर्षी दुपारी चार वाजता काय करतो, हे विचारणे हा वैद्यकाचा विषयच नव्हता.

तो विषय रुग्णांनीच पुढे आणला. साहित्याच्या अभ्यासकांना या संदर्भात डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचे उदाहरण महत्त्वाचे वाटावे. १७५५ मध्ये इंग्रजीचा कोश सिद्ध करणाऱ्या या गृहस्थांची वाचा १७ जून १७८३ च्या पहाटे गेली. जाग आल्यावर, बुद्धी शाबूत आहे की नाही हे तपासण्यासाठी त्यांनी मनातल्या मनात लॅटिन पद्यात प्रार्थना रचून पाहिली. ओळी फारशा चांगल्या उतरल्या नाहीत. पण त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळते आहे, यावरून आपली विवेकशक्ती जागी असल्याची खूण त्यांना पटली. टीकाकाराने स्वतःवर केलेली ही बहुधा सर्वांत निकडीची समीक्षा असावी. त्यानंतर जॉन्सन यांनी जे पत्र लिहिले, ते शेजारी राहणाऱ्या एडमंड ॲलन या मुद्रकाला. बोलता येईना, म्हणून शेजाऱ्याला चिठ्ठी. पुढच्या दोन शतकांचा इतिहास या चिठ्ठीतच बीजरूपाने आहे, असे आम्हाला वाटते. वैद्य तर बोलवायचा होताच. पण त्याला बोलावून आणायलाही आधी कुणीतरी शेजारी हवा होता.

१८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी 'तान' एवढेच अक्षर उच्चारू शकणाऱ्या लबोर्ञ नावाच्या रुग्णाच्या मेंदूचा अभ्यास मांडला, आणि वाचेचे स्थान मेंदूच्या डाव्या भागात असल्याचे त्यानंतरच्या काही वर्षांत जगाला कळले. 'ॲफेजिया', म्हणजे मराठीत वाचाघात, ही संकल्पना त्यानंतर रूढ झाली. येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. वाचाघात म्हणजे जिभेचा लुळेपणा नव्हे आणि बुद्धीचा ऱ्हासही नव्हे. विचार आहे, भावना आहे, समोरच्याचे नावही ठाऊक आहे. फक्त त्या नावापर्यंत जाणारी वाट तुटली आहे. भाषेवर जगणाऱ्यांना याहून भयंकर शिक्षा कल्पिणे कठीण. भोवतालचे लोक मात्र या माणसाला बहिरा समजून मोठ्याने बोलतात, किंवा लहान मूल समजून लाडाने बोलतात. दोन्ही प्रकारांत तो संभाषणातून बाद होतो.

या बाद होण्याविरुद्धचा पहिला मोठा प्रयोग रुग्णालयात झालाच नाही. तो इंग्लंडमधील एका खेड्यात झाला. १७ फेब्रुवारी १९६५ रोजी पॅट्रिशिया नील या अभिनेत्रीला लॉस एंजेलिस येथे एकामागून एक असे मेंदूतील रक्तस्रावाचे झटके आले. वय ३९, शिवाय ती गरोदर होती. बोलणे गेले, उजवी बाजू गेली. तिचे पती, लेखक रोआल्ड डाल, तिला घेऊन ग्रेट मिसेंडन या गावी परतले आणि त्यांनी शेजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. रोज कुणी ना कुणी येऊन तिच्याशी तासन्‌तास शब्दांचे, चित्रांचे, पत्त्यांचे खेळ खेळत असे. डाल यांच्या शिस्तीच्या कठोरपणावर पुढे पुष्कळ टीका झाली. ती आपण बाजूला ठेवू. या शेजाऱ्यांपैकी व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या बाईंनी ते काम नेटाने पुढे नेले. १९६८ च्या 'द सब्जेक्ट वॉज रोझेस' या चित्रपटात नील पुन्हा पडद्यावर आली आणि त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचे नामांकनही मिळाले. ग्रिफिथबाईंनी आपला अनुभव १९७० मध्ये पुस्तकरूपाने मांडला, आणि १९७३ मध्ये त्यातूनच ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांची योजना उभी राहिली. त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती. त्यांच्यापाशी वेळ होता, चिकाटी होती आणि समोरची व्यक्ती अजून पूर्णच आहे हा विश्वास होता.

हा झाला शेजाराचा प्रवाह. दुसरा प्रवाह समदुःखींचा. तो अगदी निराळ्या दुःखातून उगम पावला. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन या गावी मद्यपाशात सापडलेल्या दोघांची भेट झाली आणि 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' जन्माला आली. ज्याने ते दुःख भोगले आहे त्यानेच दुसऱ्याला हात द्यावा, आणि हात देता देता स्वतःही सावरावे, हे तिचे सूत्र. १९५७ मध्ये ती भारतात आली. महाराष्ट्रात हे सूत्र ज्यांनी मराठी माणसाच्या घरापर्यंत नेले, त्यांत पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्रात, जो व्यसनातून बाहेर पडला तोच पुढे कार्यकर्ता होतो आणि नव्याने येणाऱ्याला सांभाळतो. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेनेही मानसिक आजारांच्या क्षेत्रात स्वमदत गटांची कल्पना रुजवली. मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांची संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली. कर्करोगातून बरे झालेल्यांनी नव्या रुग्णांना भेटावे या हेतूने 'व्ही केअर' १९९४ मध्ये उभी राहिली. २००१ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी संस्था निघाली आणि तिचे गट शहरभर पसरले.

येथे 'सहानुभूती' या शब्दाकडे थोडे थांबून पाहावे. 'सह' अधिक 'अनुभूती' : सोबतीने अनुभवणे. व्यवहारात मात्र या शब्दाची पार घसरण झाली. जो धडधाकट आहे त्याने वरून खाली टाकायची वस्तू म्हणजे सहानुभूती, असा त्याचा अर्थ झाला, आणि म्हणूनच 'मला कुणाची सहानुभूती नको' असे मानी माणूस म्हणू लागला. समदुःखींच्या गटाने या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत दिला. तेथे 'मला कळते' असे म्हणणाऱ्याला ते खरोखरच कळलेले असते.

मग प्रश्न असा, की हे सारे गट उभे राहत असताना पक्षाघाताच्या रुग्णांचे गट मागे का राहिले? रुग्ण कमी होते, असे तर मुळीच नाही. डॉ. प्र. म. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत मुंबईच्या एच प्रभागात, म्हणजे पश्चिम उपनगरांच्या दक्षिण टोकाला, सुमारे १ लाख ५७ हजार वस्तीचे सर्वेक्षण केले. पहिल्यांदाच पक्षाघात झालेल्या ४५६ व्यक्ती त्यात नोंदल्या गेल्या. त्यांचे सरासरी वय ६६ होते. अठ्ठावीस दिवसांच्या आत त्यांतील सुमारे ३० टक्के दगावल्या. या आकड्याचा उल्लेख होतो तेव्हा लक्ष त्या तिसांकडे जाते. आम्ही उरलेल्या सत्तरांकडे लक्ष वेधू इच्छितो. एवढ्याशा वस्तीत दोन वर्षांत तीनशेहून अधिक माणसे हा झटका अंगावर घेऊन एकोणतिसाव्या दिवशी जिवंत होती. ती कुठे गेली? ती घरी गेली, आणि त्यांतली बरीचशी घरातच राहिली असणार.

घरात राहण्याची कारणे आजाराच्या स्वरूपातच आहेत. गट जमायचा तर दोन गोष्टी लागतात : तिथवर चालत जाणे आणि तिथे गेल्यावर बोलणे. पक्षाघात नेमक्या याच दोन शक्तींवर घाला घालतो. मद्यपाशातून सुटू पाहणारा माणूस बैठकीला चालत जातो आणि आपली कहाणी सांगतो. तीच त्याची उपचारपद्धती. ज्याचा पाय उचलत नाही आणि ज्याला शब्द सापडत नाही, त्याने बैठक बोलवायची कशी? त्यात उपनगराची रचना. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून कितीतरी मराठी कुटुंबे बोरिवलीला, मुलुंडला, अंधेरीच्या पूर्वेला गेली, ती तीन-चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या इमारतींत. चाळीत हाल होते, पण गॅलरी होती. खुर्ची बाहेर टाकून बसले की मजला भेटून जात असे. फ्लॅटला दार आले, आणि दाराबरोबर शेजार संपला नाही तरी त्याला बेल वाजवावी लागू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या, डावा पाय ओढत चालणाऱ्या माणसाला खालचा कट्टा हा परगाव होऊन बसला. रेल्वेचे पूल, गर्दीचे फलाट यांविषयी तर बोलायलाच नको. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि लिफ्टसह पूर्व-पश्चिम उपनगरे जोडली गेली, याचे महत्त्व धावणाऱ्या प्रवाशाला वेळेत मोजता येईल; काठी घेऊन चालणाऱ्याला ते निराळ्या मापाने मोजावे लागेल.

कायद्यानेही या माणसाला उशिराच ओळखले. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकार होते. हातापायांचे अपंगत्व त्यांत होते, गेलेली वाचा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात ही संख्या एकवीस झाली, आणि वाणी व भाषेच्या अपंगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचा नावाने उल्लेख आला. म्हणजे आपल्या देशात शब्द हरवलेल्या माणसाला कायद्याचा शब्द मिळायला २०१६ साल उजाडावे लागले.

तरीही उपनगरे अगदीच रिकामी नव्हती. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला तेथे विनोद सांगून हसत असत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, आणि मग विनोदावाचूनच हसायचे ठरले. या हास्याची चेष्टा पुष्कळ झाली, साहित्यिकांनीही केली. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रसंग फार अर्थपूर्ण आहे. शब्द बाजूला झाले आणि मेळा टिकला. वाक्य जुळवता आले नाही तरी ज्यात सामील होता येते असा एक सार्वजनिक प्रकार उपनगरातील बागेत उपलब्ध झाला. भजनी मंडळ हा त्याहून जुना प्रकार. वाचाघात झालेल्या काहींना साधे पाणी मागता येत नाही, पण आरती सुरू झाली की त्यांचे ओठ चालू लागतात, पाढे आणि वार ओळीने बाहेर पडतात. ही गोष्ट वैद्यकालाही मान्य आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत गाण्याच्या चालीतून बोलण्याकडे नेणारी उपचारपद्धती मांडली गेली, तिचा आधार हाच. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, भजनी मंडळ ही आपली मंडळे आजारासाठी निघाली नव्हती. परंतु वारे गेलेल्या माणसाला परत बोलावण्याची सोय त्यांच्यात आयतीच होती. फक्त त्याला तिथवर आणणारा शेजारी हवा होता.

उपनगराच्या बहुभाषिकतेचाही येथे विचार व्हायला हवा. घाटकोपर किंवा मुलुंडचा मराठी माणूस घरी मराठी, जिन्यात गुजराती, गाडीत हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोलतो. त्याची वाचा गेली तर आधी कोणती भाषा परत येईल? फ्रेंच विद्वान रिबो यांनी १८८१ मध्ये म्हटले की जे आधी शिकले ते अधिक टिकते. पित्र यांनी १८९५ मध्ये प्रतिपादले की आजारापूर्वी जी अधिक वापरात होती ती आधी परतते. दोघांनाही दुजोरा देणारे आणि दोघांनाही खोटे पाडणारे रुग्ण आढळले आहेत. तात्पर्य एवढेच, की कुणाच्या बाबतीत काय परतेल हे आधी सांगता येत नाही. जी भाषा परतेल तिच्यात बोलायला समोर माणूस असावा लागतो. मराठी परतली आणि घरात फक्त इंग्रजी बोलणारी नातवंडे असली, तर परतलेली भाषा पुन्हा एकटी पडते.

येथे कुणी म्हणेल, हे काम कुटुंबाचे आहे. कुटुंब ते करतेच, बहुधा घरातली एक बाई करते. परंतु २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्ण त्यात होते. निम्म्यांच्या नातलगांना घरच्या घरी व्यायाम आणि पुनर्वसन करून घेण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांत दोन गटांमध्ये फरक आढळला नाही. यावरून समदुःखींच्या गटाने पाय चालू लागतात असे सिद्ध होत नाही, आणि तसा दावा आम्ही करत नाही. पण सारा भार घरावर टाकून मोकळे होता येणार नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य ग्रासते. त्या नैराश्याचा एक भाग असा असतो की घरच्यांसमोर रडता येत नाही, कारण घरचे आधीच दमलेले असतात.

मग समदुःखी नेमके काय देतो? आमच्या मते तो कालमान देतो. डॉक्टरांचे घड्याळ तासांचे आहे. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तो हिशेब योग्यच आहे. फिजिओथेरपिस्टचे घड्याळ आठवड्यांचे. दुसऱ्या वर्षाचे घड्याळ कुणापाशीच नसते. ते फक्त तिसऱ्या वर्षात असलेल्या माणसापाशी असते. 'माझी सदऱ्याची गुंडी लागायला चौदा महिने लागले' हे वाक्य वैद्यकीय पुस्तकात सापडणार नाही, आणि दहाव्या महिन्यात खचलेल्या माणसाला त्या वाक्याहून मोठे औषध नाही. 'होईल सगळे ठीक' या धडधाकटांच्या आश्वासनात तारीख नसते, म्हणून ते पोकळ वाटते. समदुःखीच्या बोलण्यात तारीख असते, आणि जे परत आले नाही त्याचाही प्रामाणिक हिशेब असतो.

२०२० च्या टाळेबंदीनंतर अशा भेटीगाठी फोनच्या आणि संगणकाच्या पडद्यावरही होऊ लागल्या. जिने आणि पूल एका फटक्यात नाहीसे झाले. बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरचा माणूस मुलुंडच्या दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला दुपारी भेटू शकतो, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु पायांची अडचण सुटली म्हणून वाचेची सुटत नाही. शब्द शोधणाऱ्याला वेळ लागतो, आणि पडद्यावरची शांतता लोकांना यंत्र बिघडल्यासारखी वाटते. तेथेही कुणीतरी थांबायला शिकवावे लागते. म्हणून आम्ही म्हणतो की पक्षाघाताच्या बाबतीत समदुःखी आणि शेजारी हे दोन प्रवाह एकत्र आल्याशिवाय भागत नाही. समदुःखी साक्ष देईल. ती साक्ष सांगायला आणि ऐकायला लागणारा वेळ, जिना आणि शब्द शेजाऱ्याने पुरवायचे आहेत.

स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० मध्ये पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणे जवळजवळ संपले. ते डाव्या हाताने पियानो वाजवीत राहिले, त्यांच्या कविता पुढेही प्रसिद्ध होत राहिल्या, आणि २०११ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. असे उदाहरण प्रेरणेसाठी वारंवार दिले जाते, आणि सामान्य रुग्णाला ते बहुधा दडपूनच टाकते. आम्हाला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो : त्यांच्या अडखळत्या उच्चारांतून अर्थ काढून तो इतरांना सांगणारी पत्नी त्यांच्यापाशी होती. प्रतिभा त्यांची होती. परंतु ती ऐकली गेली, कारण शेजारी ऐकणारे कुणीतरी होते.

भाषा आणि साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना हे सारे सांगण्याचे प्रयोजन इतकेच. अपुऱ्या वाक्यातून अर्थ काढणे, गाळलेल्या जागा सोसणे, एका शब्दाच्या मागे उभा असलेला सबंध माणूस ओळखणे, हे तर आपले शिक्षण आहे. ते आपण पुस्तकांवर खर्च करतो. आपल्याच इमारतीत, दोन जिने वर, त्याची निकड असलेला एखादा वाचक, एखादा निवृत्त शिक्षक, एखादी कीर्तनप्रेमी आजी असण्याचा संभव पुष्कळ आहे. वारे त्यांच्या अंगावरून गेले आहे. ते मात्र कुठेही गेलेले नाहीत.